चिकनगुनियानंतरचं सांधेदुखणं मोजायचं कसं: घरोघरी की नमुना काढून?

दूधगंगाकाठ

मांडणी अशी आहे. चिकनगुनियाचा ताप आठवड्याभरात उतरतो आणि सरकारी नोंद तिथंच संपते. आयएचआयपीवर (साथरोगांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) संशयित किती, तपासलेले किती, बाधित किती हे दिसतं. तीन महिन्यांनी कुणाची मनगटं, घोटे, बोटांची पेरं अजून आखडलेली आहेत, याला रकानाच नाही. २००६ च्या साथीत एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांच्या आसपास संशयित रुग्ण धरले गेले, देशात सर्वांत जास्त. त्यातल्या किती जणांना पुढच्या पेरणीला कुदळ धरवत नव्हती, हे त्या आकड्यात कुठंच नाही.

म्हणून प्रस्ताव: पुढची साथ ओसरली की तीन महिन्यांनी निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर या तालुक्यांत आशांकडून घरोघरी मोजणी. एका आशेकडं साधारण हजार लोकसंख्या, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे घरं. रोज १५ घरं धरली तर पंधरा दिवसांत काम हातावेगळं. प्रश्न तीनच: या पावसाळ्यात ताप येऊन सांधे धरले होते का, अजून दुखतात का, कामात अडचण येते का. नमुना वगैरे नको. नमुन्यात न आलेल्या गावाला ना फिजिओथेरपीचं शिबिर मिळतं, ना गोळ्या. प्रत्येक पीएचसीला स्वतःचा आकडा हवा.

हिरण्यकेशी

तळमळ पटते, पण या तीन प्रश्नांतून येणारा आकडा कशाचा असेल ते सांगा.

इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये कॉपकॉर्डची (गावपातळीवर सांधे-स्नायूंचं दुखणं मोजण्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) घरोघरी पाहणी झाली, मराठी प्रश्नावली घेऊन. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. चिकनगुनियाची साथ नसताना. शेतावर राबणाऱ्या गावात शंभरात अठरा जण कुठंतरी दुखतंय म्हणणारच. आता तुमची आशा एखाद्या गावात जाऊन '३० टक्के लोकांचे सांधे दुखतात' असं लिहून आणेल. त्यातले विषाणूचे किती आणि नांगराचे किती?

रीयुनियन बेटावर २००५-०६ मध्ये मोठी साथ आली. तिथं आधी रक्त तपासून बाधित आणि अबाधित असे दोन गट पाडले आणि दोन वर्षांनी दोघांना फोनवर तेच प्रश्न विचारले. बाधितांत ४३ टक्के, अबाधितांत १७ टक्के. चिकनगुनियाच्या वाट्याचं दुखणं म्हणजे मधले २६. नुसतं ४३ छापलं असतं तर १७ फुकट चिकटले असते. तुमच्या मोजणीत दुसरा गटच नाही.

बोरगावकर

आणि तीन महिने म्हणजे कधी, तेही बघा की. साथ ऑगस्ट ते ऑक्टोबर धरली तर तीन महिन्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी. ऐन गाळपाचा हंगाम. चिक्कोडी, निपाणी, अथणी सगळीकडं ऊसतोड सुरू, गावातला निम्मा तरणा माणूस फडात. पाठ, खांदा, मनगट कुणाचं दुखत नाही त्या दिवसांत? पावसाळ्याआधीच्या आकड्याशी तुलना केली तर सगळी वाढ विषाणूच्या नावावर जाईल. तुलना करायचीच तर त्याच आठवड्यात, त्याच गावात, ताप न आलेल्यांशी. शिवाय बाहेरून आलेल्या टोळ्या गावच्या रेशनकार्ड यादीत नसतात. त्या धरणार की सोडणार, हे आधी लिहून ठेवा. नाहीतर एक आशा धरेल, दुसरी सोडेल.

दूधगंगाकाठ

गाळपाचा मुद्दा मान्य. तुलनेच्या गटाचा नाही. त्याच गल्लीतला ताप न आलेला माणूस म्हणजे विषाणू न शिरलेला, हे कशावरून?

हिरण्यकेशी

चिकनगुनियात ते बरंचसं धरून चालता येतं. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणं दिसतात. डेंग्यूसारखा मोठा हिस्सा गुपचूप जात नाही. उलटी चूक जास्त महाग पडते. 'ताप आला होता' म्हणणारे सगळे चिकनगुनियाचे नसतात, डेंग्यू आणि साधा फ्लू त्याच महिन्यांत असतो. समजा खरा फरक १२ टक्क्यांचा आहे आणि तापवाल्या गटात निम्मेच चिकनगुनियाचे आहेत, तर तुम्हाला फरक ६ चाच दिसेल.

मलप्रभा

मग रक्त तपासा म्हणाल. तिथंही फसगत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या पाचेक दिवसांत आयजीएम एलायझा (ताज्या लागणीची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी) बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्या काळात थेट विषाणू शोधणारी आरटी-पीसीआर लागते. पाचव्या दिवसानंतर पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्था) आयजीएम किट उपयोगी, सरकारी सेंटिनल रुग्णालयांत (साथीवर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या) तेच वापरतात. पण आयजीएम काही महिन्यांत ओसरू लागतं, त्यामुळं तीन महिन्यांनी पाहणीला गेल्यावर रक्त घेतलं तर काही खरे रुग्ण निगेटिव्ह निघतील. आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड वर्षानुवर्षं टिकतं, पण ते या साथीचं की २००६ चं, हे सांगत नाही. आपल्या भागात २००६ च्या आधी जन्मलेल्या माणसाच्या आयजीजीवरून काहीच ठरवता येत नाही.

म्हणून यादी साथ चालू असतानाच तयार व्हायला हवी. पाचव्या दिवसानंतर घेतलेला नमुना, आयजीएम पॉझिटिव्ह, पूर्ण पत्ता, मोबाईल नंबर, आणि तीन महिन्यांनी भेट घेण्याची संमती त्याच वेळी. नंतर मागं जाऊन हे जमत नाही.

निपाणीवाली

विडीकामाचं कुणीच बोललं नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका हजारांनी आहेत. दिवसभर पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. अंगठ्याचं मूळ, मनगट, मान हे त्यांचं कायमचं दुखणं. आणि चिकनगुनिया बसतो तोही मनगटावर आणि बोटांवरच! विडीवालीची तुलना शाळेतल्या बाईंशी केली तर उत्तर चुकणारच. ताप आलेल्या आणि न आलेल्याची जोडी लावताना वय आणि गल्ली पुरेशी नाही, काम सारखं हवं.

प्रश्नांचा क्रमही उलटा करा. 'चिकनगुनियानंतर सांधे दुखतात का?' असं विचारलं की माणूस 'होय' म्हणून मोकळा. आधी माणसाचं चित्र समोर ठेवायचं आणि म्हणायचं, 'गेल्या सात दिवसांत जिथं दुखलं तिथं बोट ठेवा.' मग 'सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळायला किती वेळ लागतो?' इथं मिनिटं सांगता येत नाहीत. 'चहा होईपर्यंत, अंघोळ होईपर्यंत, की दुपारपर्यंत' असे टप्पे द्या. मग रोजचं काम: कळशी उचलणं, भाकरी थापणं, बटण लावणं. दुखणं कधीपासून आहे तेही इथंच. तापाचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आणि सुनेचं उत्तर सासूकडून घ्यायचं नाही.

मलप्रभा

याला जोड म्हणून मुठीची ताकद मोजा. डायनॅमोमीटर महाग पडतो, पण बीपीच्या यंत्रावर भागतं. पट्टा गुंडाळून बांधायचा, २० मिमीपर्यंत हवा भरायची, कोपर काटकोनात अंगाशी, आणि पट्टा दाबायला सांगायचं. काटा किती वर गेला ते लिहायचं. दोन्ही हात, तीन-तीनदा. पट्ट्यातून हवा गळत असेल तर प्रत्येक वाचन खाली येतं, म्हणून रोज सकाळी १०० मिमीला भरून मिनिटभर ठेवून बघायचं. सगळ्या पथकांकडं एकाच मापाचा पट्टा हवा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

दूधगंगाकाठ

हे सगळं संशोधन झालं. मी नियोजनाबद्दल बोलतोय. माणूस म्हणतो दुखतंय, तर दुखतंय. विषाणूमुळं की विडीमुळं, फिजिओथेरपी दोघांनाही लागते.

हिरण्यकेशी

मग धाग्याचं नाव बदला, 'सांधेदुखीची मोजणी' म्हणा. त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण 'चिकनगुनियानंतरची' म्हणायचं असेल तर व्याख्या आधी ठरते, आणि आकडा तिच्यावर नाचतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२१ मध्ये कोविडच्या पाहणीवर तीन रीती लावून दाखवल्या. १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान ठरलेल्या १२ लक्षणांपैकी एखादं आहे का: ५ टक्के, आणि तुलनेच्या गटातही ३.४. लक्षणं सलग राहिली का: ३ टक्के. तुम्हाला स्वतःला लाँग कोविड आहे असं वाटतं का: ११.७ टक्के. तुमचे तीन प्रश्न तिसऱ्या रीतीचे आहेत.

नमुना किती लागतो तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं फार मोठं काम आहे. ताप न आलेल्यांत १८ आणि आलेल्यांत ३० टक्के असा फरक पकडायचा तर ८० टक्के खात्रीनं प्रत्येक गटात सुमारे २०० माणसं. एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून दुप्पट, ४००. न भेटणारे धरून ५००. म्हणजे ३० वस्त्या, प्रत्येकीत दोन्ही गटांचे १७-१७. फरक ५ टक्क्यांचाच असेल तर मात्र गटामागं अडीच हजार लागतील, तिथं मीही हात वर करेन.

बोरगावकर

रुग्णालयाच्या नोंदींवरून हे उरकू नका, एवढंच. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा कधी गोव्याला. चंदगडचा मात्र बेळगावला येतो. बेळगावच्या ओपीडीतली सांधेदुखी बेळगाव जिल्ह्याची नसते. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली त्यावरून केवढा वाद झाला, पण त्या योजनेत दाखल होऊन घेतलेले उपचार येतात. ओपीडीत गोळ्या घेऊन परतणारा तिथंही दिसत नाही. बाकी सीमावाद इथं आणू नका, त्याला वेगळे धागे आहेत.

उलट बेळगावात जेएनएमसीच्या (जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज) संशोधकांनी गावपातळीवर गरोदर मातांची लोकसंख्याधारित नोंदवही चालवली आहे. घर शोधून ठरलेल्या दिवशी परत भेट घेण्याची शिस्त इथं नवी नाही.

दूधगंगाकाठ

ठीक. मधला मार्ग: तुमच्या ३० वस्त्यांत जोडी लावून पाहणी, आणि उरलेल्या गावांत आशांकडून फक्त 'बोट ठेवा' आणि 'मूठ' हे दोन प्रश्न, सगळ्यांना, तापाचं नाव न घेता. गावाला आकडा मिळेल, तुम्हाला तुलना मिळेल.

निपाणीवाली

३० वस्त्यांत त्याच गावची आशा नको. तिनंच साथीत घरोघरी धूर करवला, तिनंच रक्तासाठी पाठवलं. कुणाला ताप आला होता ते तिला तोंडपाठ. बाहेरची, मराठी-कन्नड दोन्ही येणारी बाई हवी आणि यादीतला कुठला माणूस कुठल्या गटातला हे तिला सांगायचं नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, नाहीतर घरी फक्त म्हातारे आणि दुखणाईत भेटतील. उरलेल्या गावांचं विचाराल तर आशांना कामागणिक पैसे मिळतात, आणि ताप न आलेल्या दोनशे घरांचे फॉर्म भरायचं काम कुठल्याच दरपत्रकात नाही. ते आधी मंजूर करून आणा, मग तारीख ठरवू.