घरी एस्प्रेसो करायची आहे, बजेट १२ हजार: मशीन की पॉड्स (एका कपाची कॉफी भरलेल्या बंद डब्या)? सल्ला हवाय

पहिली_लोकल
नमस्कार मंडळी. लालबागला राहतो, वन रूम किचन. ड्यूटी सहाची, म्हणजे पावणेपाचला उठायचं आणि सव्वापाचला करी रोड स्टेशनचा रस्ता धरायचा. इतकी वर्षं इन्स्टंटवर काढली पण ऑफिसखाली एक कॅफे आहे तिथे काळ्या एस्प्रेसोची सवय लागली, एका कपाला १८० रुपये, महिन्याचे साडेचार हजारांच्या वर जातात हे मागच्या आठवड्यात बायकोने हिशोब करून दाखवलं. म्हणून घरीच करायचं ठरवलंय. बजेट १२ हजार, सगळं धरून, ग्राइंडर लागणार असेल तर तोही त्यातच. ओट्यावर मिक्सरच्या बाजूला जेमतेम वीतभर जागा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोर दीड वर्षाचं आहे, किचनला दार नाही, पहाटे आवाजाने उठलं तर बायकोची अख्खी सकाळ जाते. मी बिनदुधाची पितो, तिला फक्त रविवारी कॅपुचिनोसारखी दुधाची लागते. काय घेऊ?

कॉफीखुळा
स्पष्ट सांगतो, १२ हजारात एस्प्रेसो होत नाही. मी तीन वर्षांत तीन मशीनं बदलली, आता ५८ मिमीच्या पोर्टाफिल्टरवर (कॉफी भरून मशीनला बसवायचं हँडल) आहे आणि ग्राइंडरलाच मशीनइतके पैसे घातलेत, पण कप असा येतो की बाहेरची कॉफी प्यावीशी वाटत नाही. एस्प्रेसो म्हणजे १८ ग्रॅम कॉफी आत, ३६ ग्रॅम बाहेर, २५ ते ३० सेकंदांत, ९ बार दाबाला. यातलं एक जरी हुकलं तर कडू नाहीतर आंबट. खोक्यावर १५ बार, २० बार लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नकोस, तो पंपाचा जास्तीत जास्त जोर झाला, कॉफीला ९ च लागतात. आधी चांगला ग्राइंडर घे, मशीन वर्षभराने घेतलंस तरी चालेल.

भांडुपची_सून
कॉफीखुळा, त्यांनी बजेट लिहिलंय की वरती.
दादा, माझ्याकडे साडेसात हजारांचं १५ बारवालं साधं मशीन आहे, दोन वर्षं झाली, रोज दोन कप निघतात. पहिला महिना मलाही वाटलं पैसे गेले, पाणचट यायची, मग कळलं की मी मॉलमधली जाडी पावडर घालत होते. या स्वस्त मशीनांत दुहेरी तळाची बास्केट येते, तिला खाली एकच बारीक भोक असतं, त्यामुळे प्रेशर ती बास्केटच तयार करते आणि तयार बारीक पावडर चालून जाते, ग्राइंडर लागत नाही. रोस्टरकडून ऑनलाइन मागवताना एस्प्रेसोसाठी दळून द्या म्हणून सांगायचं आणि पाकिटावर रोस्टची तारीख बघायची. वाफेच्या नळीने दूध फेसलं की लगेच ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडायची, नाहीतर आत दूध सुकून घट्ट बसतं, मला टाचणीने काढावं लागलंय.

कॉफीखुळा
त्या बास्केटमधून येतो तो क्रिमा, म्हणजे खऱ्या एस्प्रेसोवरचा तपकिरी थर नाही, बारीक भोकातून कॉफी जोरात बाहेर फेकली जाते म्हणून झालेला फेस आहे. दोन मिनिटांत बसतो.

भांडुपची_सून
दोन मिनिटांत माझा कप संपलेला असतो.

गिरगावचे_आजोबा
आमच्या वेळी एस्प्रेसो म्हणजे लग्नातली कॉफी. हॉलच्या कोपऱ्यात पितळेचं मोठं मशीन, तो माणूस स्टीलच्या जगमध्ये दूध धरून नळी सोडायचा, फर्रर्र आवाज व्हायचा, वर फेस आणि त्यावर चॉकलेट पावडर भुरभुरायची. आम्ही मुलं तीन-तीनदा रांगेत उभे राहायचो. हे काळं कडू घोटभर पाणी १८० रुपयांना विकतात आणि त्यालाच एस्प्रेसो म्हणतात हे मला अजून पटलेलं नाही.

विलेपार्ले_पूर्व
आजोबा, लग्नातली ती इन्स्टंट कॉफी आणि वाफवलेलं दूध असायचं. इटलीत एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेली काळीच.
धागाकर्त्याला सल्ला: मोका पॉट, गॅसवर ठेवायचं ते दोन मजली भांडं. दुसरं काही बघूच नकोस. इटलीत घरोघरी तोच असतो, बियालेत्तीने १९३३ मध्ये काढला आणि अजून तसाच चालतो. मी साडेतीन हजारांना घेतला, सहा वर्षं झाली, फक्त रबरी गॅस्केट एकदा बदलली. पाणी आधी गरम करून खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भर, कॉफी दाबू नकोस, नुसती सपाट कर, गॅस मंद, आणि वर गुडगुड सुरू झाली की लगेच उतरव, नाहीतर जळकी चव येते. एक अडचण मात्र सांगतो, तीन कपांचा पॉट आपल्या शेगडीच्या स्टँडवर नीट बसत नाही, कलंडतो. मी पापड भाजायची जाळी ठेवतो मधे. आणि ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालत नाही.

ठाणेकर८२
मोका पॉटला +१. मीही हेच सांगणार होतो. स्वस्त, टिकाऊ, ग्राइंडर नको, मेन्टेनन्स नाही. गॅसवर कलंडतो तेवढं बघ.

कॉफीखुळा
मोका पॉट म्हणजे एस्प्रेसो नव्हे. त्यात जेमतेम दीडेक बार प्रेशर येतं. चांगली कडक कॉफी होते, मी नाही म्हणत नाही, पण विचारलंय एस्प्रेसोबद्दल.

विलेपार्ले_पूर्व
पिणाऱ्याला कप आवडला की झालं. बारचा आकडा जिभेला कळत नाही.

कॉफीखुळा
जिभेलाच तर कळतो. मोकाच्या कॉफीला तो जाडपणा येतच नाही. एस्प्रेसोत तेल आणि पाणी एकजीव होतं, चमचा फिरवलास तरी हाताला फरक जाणवतो.

मुलुंडकरीण
माझा अनुभव सांगते म्हणजे कोणी तीच चूक परत करणार नाही. दिराने न्यू जर्सीहून येताना चांगलं महागातलं मशीन आणलं, बॅगेत कपड्यांत गुंडाळून. इथे पिनेला ॲडॉप्टर लावला आणि चालू केलं. चार सेकंद दिवा लागला, मग खाडकन आवाज आणि जळका वास. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. ॲडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता आलं असतं पण मशीन १,३०० वॉटचं, तेवढ्याचा ट्रान्सफॉर्मर उचलायलाच दोन हात लागतात. कोणी परदेशातून आणतो म्हणालं तर मागची पट्टी आधी वाचायला सांगा.

शिवडीकर
माझंही ऐका, यात माणूस भाजला असता. मी माटुंग्याहून फिल्टर कॉफीची पावडर आणतो, ७०-३०, म्हणजे तीस टक्के चिकोरी. घरात होतीच म्हणून तीच मशीनमध्ये ठासून भरली. बटण दाबलं, पंप घुं घुं करतोय, थेंब नाही. अर्ध्या मिनिटाने बंद केलं आणि लगेच हँडल फिरवलं. आतला सगळा दाब एकदम सुटला, गरम चोथा छतापर्यंत, कपाटाच्या सनमायकावर, माझ्या बनियनवर. मनगटावर डाग अजून आहे. चिकोरी ओली झाली की चिकट होते, बारीक भोकं गच्च बसतात. चिकोरीवाली पावडर स्टीलच्या फिल्टरलाच ठेवा. आणि कॉफी आली नाही तर मशीन बंद करून पाच-दहा मिनिटं हात लावू नका.

ठाणेकर८२
माटुंग्याला चिकोरी नसलेलीपण मिळते, सांगितलं तर समोर दळून देतात. पीबेरी (फळात एकच गोल बी असते ती) मागायची. पण फिल्टर कॉफीला चिकोरी हवीच, नाहीतर रंग येत नाही.

शिवडीकर
नुसत्या पीबेरीलाही रंग येतो, दुसरा डिकॉक्शन मिसळायचा नाही.

(यावर नऊ प्रतिसाद फिल्टर कॉफीवर गेलेत, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

पहिली_लोकल
सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. पण आवाजाचं कोणीच बोललं नाही. पावणेपाच वाजता दहा फुटांवर पोर झोपलेलं असतं. हातग्राइंडर कितपत वाजतो? आणि मशीनपेक्षा पॉड्सचं काय, ते बरे पडतील का?

कॉफीखुळा
हातग्राइंडरने एस्प्रेसोइतकं बारीक दळायला दीड-दोन मिनिटं लागतात, घरघर होतेच. रात्री दळून ठेवायचं म्हणशील तर सकाळपर्यंत वास अर्धा गेलेला असतो, पावसाळ्यात तर पावडर दमट होऊन गोळे धरते. आणि पॉड्स घेऊ नकोस. एका पॉडमध्ये पाच-सहा ग्रॅम कॉफी, तीही कधी दळलेली देव जाणे, वर एकाला पन्नासच्या आसपास. म्हणजे किलोचा भाव काढ, आठ-नऊ हजार पडतो. तेवढ्यात चिकमगळूरची उत्तमातली अरेबिका चार-पाच किलो येईल.

भांडुपची_सून
पॉड्सना माझाही विरोध. रोजचा एक ॲल्युमिनियमचा डबा कचऱ्यात, आत ओला चोथा असल्यामुळे भंगारवालाही घेत नाही. साधं मशीन घ्या दादा.

ठाणेकर८२
पॉड्स नकोच. मोका पॉट.

लॅमिंग्टन_रोड
रिपेअरिंगचं काम करतो, ही मशीनं रोज उघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
आवाज सगळ्याच पंपाच्या मशीनला असतो, पॉडच्यालाही. आत व्हायब्रेशन पंप असतो, तो घुंऽऽ करतो. पण अर्धा आवाज पंपाचा नसतो, ओट्याचा असतो. मशीन ग्रॅनाइटवर थरथरतं, बाजूची ताटंवाट्या वाजतात, कप जाळीवर खडखडतो. खाली जाड रबर ठेव, भिंतीला टेकवू नकोस, मिक्सरचं भांडं चिकटून ठेवू नकोस, निम्म्यावर येतो. पॉडवाल्यात २५-३० सेकंद घुं झालं की संपलं. साध्या मशीनमध्ये त्याच्या आधी ग्राइंडर, नंतर चोथा ठोकून काढायचा, तो ठोका पोराला उठवणार.
प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लाव. १,३५० वॉट म्हणजे जवळजवळ ६ अँपिअर, लहान सॉकेटच्या अगदी काठावर. माझ्याकडे येतात त्यातले कितीतरी प्लग वितळलेले असतात आणि लोक मशीनला दोष देतात.
पॉड घेणार असशील तर आधी सिस्टिम बघ. नेस्प्रेसोची जुनी ओरिजिनल पद्धत असेल तर तिचे पॉड इतर कंपन्याही बनवतात, आपल्याकडचे रोस्टरसुद्धा. व्हर्चुओ वेगळी, ती पॉड गरगर फिरवते आणि कडेचा बारकोड वाचते. डोल्चे गुस्तो तिसरीच. एकाचा पॉड दुसऱ्यात जात नाही. सेकंडहँड घेताना पॉड न घालता गरम पाणी सोडून बघ, धार सलग यायला पाहिजे, आणि खालचा ट्रे काढून बघ पाणी गळतंय का.

विलेपार्ले_पूर्व
मोका पॉटला पंपच नसतो, आवाजाचा प्रश्नच मिटला.

मुलुंडकरीण
गुडगुडतो की. आमच्या खालच्या मजल्यावर करतात तो मला गॅलरीत ऐकू येतो.

शिवडीकर
पॉडचं एक, स्टीलचे परत भरायचे पॉड मिळतात. मी घेतले होते. कॉफी जरा जाड झाली की पाणचट, जरा बारीक झाली की कडेने गळतं. दोन आठवडे खटपट करून ठेवून दिले.

पहिली_लोकल
मंडळी, तुमच्यातल्या बहुतेकांचं न ऐकता पॉडचंच मशीन घेतलं. ऑफिसमधल्या एकाची बदली झाली, त्याचं ओरिजिनलवालं वर्षभर वापरलेलं पाच हजारांना मिळालं. लॅमिंग्टन रोड दादांनी सांगितलं तसं त्याच्या घरी जाऊनच नुसतं पाणी सोडून बघितलं, ट्रे काढून बघितला.
भांडुपची सून यांचं मशीन मनात होतं, शेजारच्यांकडे तसलंच आहे ते मुद्दाम पहाटे लावून बघितलं. भरा, दाबा, फिरवून बसवा, मग चोथा काढा, धुवा. सव्वापाचला निघायचं असताना ते माझ्याच्याने होणार नाही. मोका पॉट मावशीकडून आणून दोन दिवस केला, कॉफी खरंच चांगली झाली, पण ती गुडगुड सुरू झाली की लगेच उतरवायला गॅससमोर उभं राहावं लागतं आणि मला तेवढ्यात दाढी करायची असते.
खर्चाचं म्हणाल तर सुट्या सोडून महिन्याचे २६ दिवस, रोज एक पॉड, तेराशे रुपये. कॅफेत साडेचार हजार जात होते. किलोचा भाव कॉफीखुळा म्हणतात तो बरोबरच आहे, पण मी किलोने पीत नाही.
पहिल्या दिवशी रबर मिळालं नव्हतं म्हणून जुना पंचा चार घड्या करून खाली घातला आणि कप जाळीवर न ठेवता हातात धरला. घुंऽऽ झालं, पोराने एकदा कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि परत झोपलं. मी दाराशी उभा राहून अख्खा कप प्यायलो. वर फिकट तपकिरी थर होता, तळ दिसेपर्यंत राहिला. रविवारी बायकोला दोन पॉड घालून दुधाची करून दिली, एका पॉडची दुधात कळतच नव्हती.
रिकामे पॉड मागची पत्री फाडून चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकतो आणि धुवून डब्यात साठवतो, भंगारवाल्याला विचारलं, धुतलेले घेतो म्हणाला.
दादा, एक राहिलं, आतला क्षार कितीदा काढायचा? पाणी महापालिकेचंच आहे.

कॉफीखुळा
तुझे पैसे, तुझी कॉफी. पण सहा महिन्यांनी ग्राइंडर घ्यावासा वाटला तर मला लिही, माझा जुना हातग्राइंडर पडून आहे, नुसता नेऊन वापरून बघ.

लॅमिंग्टन_रोड
महापालिकेचं पाणी तलावांचं, हलकं असतं, क्षार फार धरत नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा पुरे. टँकर किंवा बोअरवेलचं येत असेल तर महिन्याला. कंपनीचं द्रावण मिळालं तर तेच, नाहीतर अर्ध्या लिटर पाण्यात लिंबूसत्व दोन चहाचे चमचे सपाट, पूर्ण विरघळवून टाकीत, थोडं थोडं सोडून मधे दहा मिनिटं थांब, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या. व्हिनेगर नको, वास महिनाभर जात नाही. आणि टाकीत रात्रभर पाणी ठेवू नकोस, पावसाळ्यात आतून बुळबुळीत होते, रोज उपडी घाल.

गिरगावचे_आजोबा
या पॉडच्या मशीनमध्ये ती लग्नातली फेसाची होईल का? नातवाकडे आहे असं काहीतरी.

भांडुपची_सून
आजोबा, त्याला मशीन नकोच. कपात दोन चमचे साखर, एक चमचा इन्स्टंट, पाण्याचे चार थेंब, आणि चमच्याने फेटत राहा, रंग पांढुरका होईपर्यंत, पाचेक मिनिटं लागतात. वरून उकळतं दूध उंचावरून सोडा, फेस आपोआप वर येतो. चॉकलेट पावडर शेवटी, गाळणीतून.