मदत हवी आहे : आय-130 प्रलंबित असताना अमेरिकेतील संयुक्त विवरणपत्र

मी देवगडला राहते. माझे पती अमेरिकेचे नागरिक असून त्यांनी माझ्या स्थलांतरासाठी केलेला आय-130 अर्ज (नातेवाइकाला अमेरिकेत आणण्यासाठीचा) प्रलंबित आहे. मी अमेरिकेत कधीच गेलेली नाही, माझ्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही आणि आम्हाला मूलबाळ नाही.

यंदा पतींनी अमेरिकेतील प्राप्तिकराचे विवरणपत्र स्वतंत्र भरावे की, मला करापुरते रहिवासी मानण्याचा पर्याय निवडून दोघांच्या सहीने संयुक्त भरावे, हे ठरवायचे आहे. संयुक्त विवरणपत्रासाठी मला डब्ल्यू-7 हा अर्ज भरून आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणारा अमेरिकी करदाता क्रमांक) घ्यावा लागेल, हे आम्ही वाचले आहे. मात्र आय-130 मंजूर झाल्यावर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीसाठी पासपोर्ट लागेल, त्यामुळे आयटीआयएनच्या अर्जासोबत मूळ पासपोर्ट टपालाने पाठवण्याची माझी तयारी नाही.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. संयुक्त विवरणपत्रात माझे जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते आणि माझे उत्पन्न म्हणजे हापूसच्या बागेतला हिस्सा. सातबारा भावासोबत सामाईक आहे आणि वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) भावाच्याच नावाने येतात. शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त असल्याने अमेरिकेत वजावटीला दाखवण्याजोगा भरलेला करही नाही. इथल्या कर सल्लागारांना अमेरिकेचे नियम माहीत नाहीत, तर पतींच्या सल्लागाराला सातबारा म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

विवरणपत्र भरण्याची 15 एप्रिलची मुदत 4868 क्रमांकाच्या अर्जाने वाढवता येईल, त्यामुळे घाई नाही. पासपोर्ट हातचा न सोडता मुंबईत अमेरिकी कर खात्याच्या अधिकृत एजंटाकडून तो तपासून घेऊन कोणी आयटीआयएन मिळवला आहे का, आणि सामाईक बागेतला आपला हिस्सा विवरणपत्रात कोणत्या कागदांच्या आधारे दाखवला?