'युटिलिटी'ला तुमच्याकडे काय म्हणतात?

मी भाषांतरं करते. मागच्या महिन्यात एका भाडेकरारात 'युटिलिटीज' शब्द आला आणि कोशाप्रमाणे मी 'उपयुक्तता' लिहिलं. वाचून पाहिलं: 'उपयुक्ततेचा खर्च भाडेकरूने करावा.' काही बोधच होईना. शेवटी सरळ 'वीज, पाणी आणि गॅसची बिलं' असं लिहिलं. हा शब्द तुम्हाला कुठे भेटला, तिथली माणसं त्याला काय म्हणतात, जरूर लिहा.

*

ताई, मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात 'युटिलिटी' म्हणजे उपयोगिता, आणि उपयुक्तता मात्र वेगळी. गरज भागवण्याची वस्तूतली शक्ती ती उपयोगिता. वस्तू हिताची आहे का, हे तिथे विचारायचंच नाही. तंबाखूत खाणाऱ्यासाठी उपयोगिता आहे, उपयुक्तता नाही. दरवर्षी मुलं इथेच अडतात. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे दारूला उपयोगिता आहे असं लिहायचं?" हो म्हणालो, पण तिचा चेहरा बघून अख्खा तास या एका शब्दाला दिला. तिला वाळूचं उदाहरण पटलं. नदीच्या पात्रात पडलेल्या वाळूला कोण विचारतो? तीच बांधकामावर आली की ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, भावाने जाते. ही स्थल उपयोगिता. स्वेटर थंडीत, छत्री पावसाळ्यात, ही काल उपयोगिता. म्हणून मला आपलं 'उपयोगी पडणे' फार आवडतं. कुणाला, कुठे, केव्हा, हे सगळं त्या 'पडणे'त येतं.

*

बाबा गेल्यावर आईचं खातं उघडायला बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "युटिलिटी बिल द्या, २ महिन्यांच्या आतलं." आई माझ्याकडे बघत राहिली. मी "लाइटबिल गं" म्हटल्यावर तिने पिशवीतून लगेच काढलं. ते अजून बाबांच्याच नावावर होतं. पुन्हा फेरी झाली. तेव्हापासून कुणालाही कागद सांगताना मी लाइटबिल, पाणीपट्टी, असं नाव घेऊनच सांगतो.

*

रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. अंदाजपत्रकात 'युटिलिटी शिफ्टिंग' लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदीकरणाच्या आड येणारे विजेचे खांब, पाण्याच्या नि ड्रेनेजच्या लाइनी, केबल हलवणं. साइटवर हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. जेसीबी लावण्याआधी हाताने खड्डा घेऊन बघतो, तेव्हा आतला माणूस ओरडतो, "थांबा, लाइन लागली!" त्या ओरडण्यावर आख्ख्या पेठेचं पाणी अवलंबून असतं.

*

बंगळूरला फ्लॅट बघताना एजंट म्हणाला, आता युटिलिटी दाखवतो. स्वयंपाकघराला लागून वॉशिंग मशीन आणि भांडी घासायची जागा. पुण्यात तिला आम्ही ड्राय बाल्कनी म्हणायचो. सासूबाई आल्या, त्यांनी नळ सोडून उतार बघितला, पाणी जाळीकडे जातंय याची खात्री केली आणि म्हणाल्या, "मोरी चांगली ऐसपैस आहे." आता आमच्याकडे तिला मोरीच म्हणतात.