मदत हवी आहे: मीटर रूममध्ये वापरायला सुरक्षित मल्टिमीटर कोणता घ्यावा?

मोगरा

नमस्कार. जाणकारांकडून नीट सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची इमारत दादर पश्चिमेला, जुनी, चार मजली. वीज बेस्टची. जिन्याखाली मीटर रूम, तिथेच पाण्याच्या पंपाचं पॅनेल आणि गच्चीवर लिफ्टची मशीनरूम. नव्या कमिटीत देखभालीचं काम माझ्याकडे आलं आहे. आमचे वायरमनकाका माझ्या सासऱ्यांच्या काळापासून इमारतीची सगळी कामं करतात. हात चांगला, परवाना आहे, कुठल्या पाइपातून कुठली वायर गेली ते त्यांना तोंडपाठ. मला काळजी आहे ती त्यांच्या हातातल्या मीटरची.

खिशात मावणारा, पिवळा, फुटपाथवरही मिळतो तो मीटर आहे. एका पिनेची वायर मुळाशी सोलवटली आहे आणि तिला चिकटपट्टी गुंडाळली आहे. परवा पंपाचा एक फेज गेला तेव्हा काकांनी त्याच मीटरने चालू पॅनेलमध्ये तिन्ही फेज तपासले. मी शेजारीच उभी होते. नंतर मीटर हातात घेऊन पाहिला. एसी ७५० व्होल्टपर्यंत असं लिहिलंय आणि १० अँपिअरच्या भोकाजवळ ‘अनफ्यूज्ड’. काका म्हणाले, “ताई, आपल्याला ४४० ला लावायचाय, मीटर ७५० चा आहे. काय होतंय त्याला?” मला उत्तर देता आलं नाही, पण पटलंही नाही.

सोसायटीच्या खर्चाने त्यांना चांगला मीटर घेऊन द्यायचा आहे. कमिटी दहा हजारांपर्यंत तयार आहे. माहिती शोधली तर कॅट-२, कॅट-३, ट्रू आरएमएस, एनसीव्ही, लो-झेड, ब्लूटूथ असे शब्द समोर येतात. यातलं जीव वाचवणारं काय आणि नुसतं सोयीचं काय, हे मला कळत नाही. ७५० लिहिलेला मीटर ४१५ व्होल्टला (काका ज्याला ४४० म्हणतात) का चालू नये, हे काकांना पटेल अशा शब्दांत कुणी सांगाल का? आणि क्लॅम्पवाला (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्यावा की साधा?

पॅनेलवाला

मोगरा, तुम्ही हा विचार करताय हे फार बरं वाटलं. एलटी म्हणजे लो टेन्शन पॅनेलच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो.

काकांचा हिशोब स्थिर व्होल्टेजपुरता बरोबर आहे. पण मीटर फुटतो तो स्पाइकने. मोठी मोटर बंद झाली, सबस्टेशनमध्ये स्विचिंग झालं किंवा जवळपास वीज पडली, की लाइनवर काही मायक्रोसेकंद हजारो व्होल्ट चढतात. त्याच क्षणी मीटर लावलेला असेल आणि आतल्या पट्ट्यांमधलं अंतर कमी असेल, तर आत ठिणगी पडते. स्पाइक निघून जातो, पण ठिणगीने हवेतून वाट करून दिलेली असते आणि त्या वाटेने खुद्द लाइनचा करंट धावायला लागतो. मागे ट्रान्सफॉर्मर आहे, करंट हजारो अँपिअरमध्ये जाऊ शकतो. मीटर हातात फुटतो. माणूस दचकून पिना ओढतो तेव्हा पॅनेलमध्येही आर्क (हवेतून पेटणारी विजेची ज्योत) खेचला जातो, चेहरा आणि हात भाजतात.

यासाठीच आयईसी ६१०१० या मानकात ‘कॅट’ म्हणजे जागेनुसार वर्ग ठरवलेत. प्लगला लावायची उपकरणं कॅट-२. इमारतीची पक्की वायरिंग, डिस्ट्रिब्युशन बोर्ड, पंपाचं पॅनेल कॅट-३. वीज इमारतीत शिरते ती जागा, मेन कटआउट (मुख्य फ्यूजची पेटी), वीजमीटर हे कॅट-४. मीटरवर हा आकडा रोमन आकड्यांत, भोकांच्या शेजारी छापलेला असतो.

आता काकांना सांगायची गोष्ट. कॅट-२ १००० व्होल्टचा मीटर आणि कॅट-३ ६०० व्होल्टचा मीटर, दोघांनाही चाचणीत ६००० व्होल्टचाच स्पाइक देतात. पण कॅट-२ ला तो १२ ओहममधून देतात, म्हणजे ५०० अँपिअर. कॅट-३ ला २ ओहममधून, म्हणजे ३००० अँपिअर. सहापट. म्हणून व्होल्टचा मोठा आकडा बघून मीटर निवडायचा नाही, आधी कॅट बघायचा. काकांच्या मीटरवर कॅट लिहिलेलाच नसेल तर त्याला या चाचणीचा कसलाच आधार नाही.

तुमच्या जागेसाठी कॅट-३ १००० व्होल्ट आणि कॅट-४ ६०० व्होल्ट असं दोन्ही छापलेला मीटर घ्या. मात्र वीजमीटरच्या आधीची, वीज येते ती बाजू, सीलबंद कटआउट वगैरे बेस्टचं आहे. तिथे काही बिघडलं तर बेस्टला कळवायचं. मीटर कितीही चांगला असला तरी काकांनी ते उघडायचं नाही.

साधा_माणूस

माझे वडील गिरगावातल्या चाळींमध्ये वायरमन होते. त्यांनी आयुष्यभर टेस्टर आणि होल्डरला लावलेल्या बल्बवर कामं केली, मोठ्या जागी दोन बल्ब सिरीजमध्ये. बल्ब पेटला म्हणजे पेटला, त्यात सेटिंग चुकायचा प्रश्न नाही. इतका महागडा मीटर खरंच लागतो का, हे मनापासून विचारतो आहे.

पॅनेलवाला

साधा_माणूस, तुमच्या वडिलांचं बरोबर होतं. बल्ब खरा करंट ओढतो, म्हणून खोट्या व्होल्टेजला फसत नाही. फेज ते फेज ४१५ असतात, म्हणून दोन बल्ब सिरीजमध्ये, हेही अगदी शिस्तीचं. पण उघड्या वायरीचा होल्डर हातातून सुटला किंवा बल्ब फुटला तर पुढे काहीच संरक्षण नाही.

टेस्टरबद्दल मात्र माझं मत कडक आहे. निऑनचा टेस्टर आपल्या अंगातून जाणाऱ्या बारीक करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर तो इतका मंद पेटतो की उन्हात दिसतही नाही. ‘टेस्टर पेटला नाही’ यावरून ‘लाइन बंद आहे’ असं धरून चालणं धोक्याचं. एनसीव्हीचं, म्हणजे वायरीला न शिवता व्होल्टेज ओळखण्याच्या सोयीचंही तेच. वायरीच्या जवळ नेला की बीप देतो, कारण तो विद्युतक्षेत्र ओळखतो. आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलमधून त्याला काही कळत नाही आणि डीसी तर कळतच नाही. वाजला तर विश्वास ठेवा, गप्प राहिला तर ठेवू नका.

मोगरा

खूप धन्यवाद. ५०० आणि ३००० अँपिअरचा फरक मी आजच काकांना सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, घेऊया. त्यांनी स्वतःचा एक प्रश्न दिलाय. जिन्यातल्या दिव्याचा एमसीबी पाडला तरी एका वायरीवर मीटर ८०-९० व्होल्ट दाखवतो. दुसऱ्या कुणाचा मीटर आणला तरी तेच. टेस्ट लॅम्प लावला तर पेटत नाही. यात वायरिंगचा दोष आहे की मीटरचा?

निवृत्त फिटर

बहुधा कुणाचाच नाही. बंद वायर चालू वायरींबरोबर एकाच पाइपातून लांबवर गेली की दोघींमध्ये कपॅसिटरसारखं नातं तयार होतं आणि बंद वायरीवर व्होल्टेज उमटतं. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम, तो काही ओढतच नाही, म्हणून त्याला हे भुताचं व्होल्टेज दिसतं. लो-झेड याच्यासाठीच असतं. त्या सेटिंगला मीटर आतला रोध खूप कमी करतो, काही मॉडेलांत तर ३ किलोओहमच्या आसपास आणतो, आणि खोटं व्होल्टेज कोसळतं. खरं असेल तर तसंच उभं राहतं. साधा_माणूस यांच्या वडिलांचा बल्ब हेच काम करत होता. जुन्या इमारतीत काम करणाऱ्याला ही सोय हवीच. लो-झेडला लावूनही ८० राहिलं तर मात्र कुठेतरी दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल किंवा फेज मिसळला आहे. ते शोधल्याशिवाय हात घालू देऊ नका.

मी रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये होतो. आमच्याकडे ॲव्होमीटर मॉडेल आठ होते, काट्याचे, उचलायला जड. रेंज चुकली आणि काटा टोकाला आपटला की त्यातला कटआउट खटकन उडायचा. आजच्या चांगल्या मीटरमध्ये ते काम वेगळ्या तऱ्हेने होतं. पिना १० अँपिअरच्या भोकात राहिल्या आणि नॉब व्होल्टवर नेला तर तो किंचाळतो. काही मॉडेलांत नॉब फिरवला की चुकीचं भोक झडपेने बंदच होतं. ही सोय असलेला मिळाला तर जरूर घ्या. पिन अँपिअरच्या भोकात असताना मीटर फेज-न्यूट्रलला लावणं म्हणजे सरळ शॉर्ट करणं आहे, आणि काकांच्या सध्याच्या मीटरला त्या वाटेवर फ्यूजही नाही.

आता कामाची पद्धत. लाइन बंद आहे हे ठरवायचं असेल तर आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर लावून तो नीट दाखवतो का ते बघायचं. मग बंद केलेल्या जागी तपासायचं, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, तिन्ही फेज आपसांत. आणि पुन्हा त्या चालू सॉकेटवर जाऊन मीटर अजून जिवंत आहे ना ते बघायचं. मधल्या वेळात पिनेची वायर आतून तुटली असेल तर शेवटच्या पायरीलाच कळतं. घाईत लोक हीच पायरी गाळतात.

‘होल्ड’चं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर जुनाच आकडा स्क्रीनवर थिजून राहतो. शून्य थिजला असेल तर काय होईल ते सांगायला नको. ऑटोरेंजमध्ये, म्हणजे मीटर स्वतःच रेंज निवडतो तेव्हा, आकड्याशेजारचं बारीक ‘मिली’ वाचायची सवय लावावी. चष्मा घालून.

लिफ्टच्या ड्राइव्हबद्दल (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) वेगळं सांगतो. मेन बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जवळजवळ ५८० व्होल्ट डीसी साठलेला असतो आणि तो उतरायला काही मिनिटं लागतात. किती थांबायचं ते ड्राइव्हवर लिहिलेलं असतं. एनसीव्ही तिथे एक शब्द बोलणार नाही. लिफ्ट कंपनीच्या माणसाशिवाय ते पॅनेल उघडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅमिंग्टनकर

खरेदीचं मी सांगतो, लॅमिंग्टन रोडवर रोजचं येणंजाणं आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना इथे मिळतं, पण तुमचं काम वायरिंगचं, तेव्हा लोहार चाळीतही फेरी मारा. तिथले दुकानदार क्लॅम्प मीटरला टाँग टेस्टर म्हणतात, तसंच मागा.

माझ्या मते पंप आणि लिफ्ट असलेल्या सोसायटीला ट्रू आरएमएसचा टाँग टेस्टर जास्त उपयोगी. करंट मोजायला सर्किट तोडावं लागत नाही, आणि अँपिअरचं भोकच नसल्यामुळे वर लिहिलेली शॉर्टची भीतीही जाते. पंपाच्या तिन्ही फेजचा करंट एकेक करून बघितला की मोटर कुठे आजारी आहे ते लगेच कळतं. फक्त एका वेळी एकच वायर चिमट्यात घ्यायची. फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर बेरीज शून्य येते. लो-झेड असलेला टाँग टेस्टर मात्र शोधावा लागेल, सगळ्यांत नसतं. ट्रू आरएमएस (लहर कशीही असली तरी तिचा खरा आकडा दाखवणारा) का, तर एलईडी दिवे आणि ड्राइव्ह यांची लहर वाकडीतिकडी असते. साधा मीटर सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो, ते फक्त शुद्ध साइन लहरीला लागू पडतं. वाकड्या लहरीला तो पुष्कळ कमी दाखवू शकतो, आणि वायर तापत असताना आपण निर्धास्त राहतो.

बनावटीबद्दल: नुसत्या सीई छापावर जाऊ नका, ती बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते. यूएल, सीएसए, टीयूव्ही अशा त्रयस्थ संस्थेची खूण बघा. पक्कं बिल घ्या. फ्लूक, हिओकी महाग पडतील, पण आपल्याकडे नाशिकची ऋषभ आणि नवी मुंबईची मेको आहेत, त्यांची मॉडेलं कॅट बघून तपासा. ब्लूटूथचा एक खरा फायदा आहे: पॅनेल बंद असताना मीटर जोडून ठेवायचा, मग लाइन चालू करून दूर उभं राहून मोबाइलवर आकडा बघायचा. बजेटमध्ये बसलं तर बघा, नाहीतर त्याशिवाय अडत नाही.

आणि पिना! कॅट-४ चा मीटर आणि फुटपाथवरच्या पिना, म्हणजे सगळं संरक्षण पिनांच्या लायकीचं. जोडीतला सर्वांत कमी आकडा लागू होतो. कॅट-३ च्या पिनेचं उघडं धातूचं टोक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसतं. लांब उघडं टोक फेज-फेजमध्ये आडवं पडलं की संपलं.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: कॅट-४ ६०० व्होल्ट लिहिलेला, ट्रू आरएमएस आणि लो-झेड असलेला टाँग टेस्टर आधी शोधणार. तो नाही मिळाला तर लो-झेडवाला मल्टिमीटर. लोहार चाळीत काका आणि मी एकत्र जाऊ. सोलवटलेल्या पिना त्यांनी स्वतःच टाकून दिल्या. पॅनेलसमोर घालायला रबरी मॅटही घेणार आहोत.

शेवटचा प्रश्न. मल्टिमीटर घ्यायची वेळ आली आणि फ्यूज गेला, तर काका कोपऱ्यावरच्या दुकानातून काचेचा आणून बसवतील. चालेल का?

पॅनेलवाला

अजिबात नाही. काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज मोठ्या शॉर्टमध्ये करंट तोडू शकत नाही, तो फुटतो आणि आर्क चालूच राहतो. मीटरच्या फ्यूजच्या पोटात वाळू भरलेली असते, ती वितळून आर्क विझवते. असा १००० व्होल्टचा एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज हजारो अँपिअर तोडतो. किंमत ऐकून काका नाराज होतील, म्हणून मीटरबरोबरच एक जादा घेऊन ठेवा. नंबर आत किंवा पुस्तिकेत छापलेला असतो, हुबेहूब तोच. रबरी मॅट घेताना आयएस १५६५२ या भारतीय मानकाची खूण बघा.

बऱ्याच मल्टिमीटरमध्ये फ्यूज शाबूत आहे का ते न उघडता कळतं. दोन्ही पिना कशाला न लावता मीटर ओहमवर ठेवा, व्होल्टच्या भोकातल्या लाल पिनेचं टोक १० अँपिअरच्या भोकात घाला. एक ओहमच्या आत आकडा आला तर फ्यूज ठीक, उघडं दाखवलं तर गेलेला. आणि मागचं झाकण उघडायचं झालं तर आधी दोन्ही पिना लाइनवरून आणि मीटरमधूनही काढा.