‘स्न’ची नाकाशी सोयरीक: मुलांना असं शिकवावं की नको?

साखळीची टीचर
पावसाळ्यात आमच्या पाचवीच्या वर्गात निम्मी मुलं नाक ओढत बसलेली असतात. जुलैत अशाच एका दिवशी फळ्यावर चार इंग्रजी शब्द लिहिले: स्नीझ, स्नोर, स्निफ, स्नॉट. शिंकणे, घोरणे, हुंगणे, शेंबूड. अर्थ लिहून होतात न होतात तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, सगळे नाकाचे!” मी काहीच सुचवलं नव्हतं. मग ‘स्नाउट’ लिहिला आणि अर्थ ओळखायला सांगितलं. कुणी नाक म्हणालं, कुणी सोंड. डुकराचं, कुत्र्याचं पुढे आलेलं नाकतोंड म्हणजे स्नाउट. शब्दकोश न उघडता मुलं इतकी जवळ पोचली.

दुसऱ्या दिवशी ‘ग्ल’ घेतला. ग्लो म्हणजे निखाऱ्याची लाली, ग्लिंट म्हणजे पितळेच्या समईवरून क्षणभर उठणारी तिरीप, ग्लेअर म्हणजे भर दुपारी मिरामारच्या वाळूवर डोळे दिपवणारं ऊन. ग्लीम, ग्लिटर, ग्लॉस, सगळी उजेडाचीच भावंडं.

हे माझं डोकं नव्हे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात शब्दांचे असे गट पाडलेले आहेत. पुढे १९३० मध्ये जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने अशा अर्थ सुचवणाऱ्या अक्षरजोडीला ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. आणि आपल्याला ते परकं कशाला वाटावं? खळखळ, झुळझुळ, सळसळ, घळघळ. वाळवंटी नदीच्या काठी वाढलेल्या मुलाला हे शब्द कुणी समजावून द्यावे लागत नाहीत. आखूड इंग्रजी शब्द सुटेसुटे पाठ करून घेण्यापेक्षा असे घराण्याघराण्याने शिकवावेत, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

फोंडेकर
टीचर, तळमळ पटली, पण पद्धत मला धोक्याची वाटते. स्नो, स्नेक, स्नेल, स्नॅक, स्नॅप यांत नाक कुठे आहे? तुम्ही निवडलेले शब्द नाकाचे होते, म्हणून मुलीला सगळे नाकाचे दिसले.

‘ग्ल’चं तर मी घरी भोगलंय. माझ्या मुलाला शिकवणीत असंच सांगितलं होतं, ‘ग्ल’ दिसला की चमक समजायची. धड्यात ‘ग्लूमी डे’ आला. त्याने अर्थ लिहिला, लखलखीत दिवस. ग्लूम म्हणजे काळोख, उदासी! आभाळ भरून आलेलं, घरात सगळे गप्प, असा तो धडा होता. पोराने पुढची-मागची वाक्यं वाचलीच नाहीत, कारण हातात किल्ली आहे असं त्याला वाटत होतं. शब्दाचा अर्थ वाक्यातून काढायचा असतो. ती सवय लागायच्या वयात आपण त्याला पहिल्या दोन अक्षरांकडे बघायला लावतो, हे मला अजिबात मान्य नाही.

लिसेवचा नातू
फोंडेकरांशी सहमत. आजोबा पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकले, त्यामुळे घरात पोर्तुगीज कानावर पडायचं. नाकाला नारीझ, शिंकण्याला इश्पिर्रार, घोरण्याला रोंकार. ‘स्न’चा पत्ताच नाही. आवाजातच अर्थ असता तर तो समुद्र ओलांडताना गळून पडला नसता. ही इंग्रजीची घरगुती खोड आहे, तिला नियम म्हणू नये.

निरुक्तप्रेमी
हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काने निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात म्हटलंय की ‘काक’ ही आवाजाची नक्कल आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा घडतं. लगेच पुढे औपमन्यवाचं मतही दिलंय की शब्दात आवाजाची नक्कल नसतेच. काक म्हणजे हाकलण्याजोगा, अशी व्युत्पत्ती त्याच्या बाजूने. अडीच हजार वर्षं होत आली, दोघेही अजून उभे आहेत.

आता ‘स्नीझ’चं पाहा. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘फ्न’ने सुरू व्हायचा, फ्नेसान असा काहीसा. पुढे ‘फ्न’ने सुरू होणारे शब्द भाषेतून गेले आणि हा ‘स्न’कडे आला. त्या काळी एस लांब काढत आणि तो जवळजवळ एफसारखा दिसायचा, म्हणून वाचण्यातल्या चुकीनेही हे झालं असेल, असं मानणारे आहेत. म्हणजे तुमच्या फळ्यावरचा पहिलाच शब्द जन्माने त्या घराण्यातला नाही.

‘ग्ल’ची गोष्ट वेगळी. तिथे नादापेक्षा वारसा मोठा. गोल्ड, येलो आणि आपले हिरण्य, हरित हे एकाच प्राचीन शब्दमुळाचे, पिवळं-हिरवं-झळाळतं असा त्याचा अर्थ. ग्लो आणि ग्लास यांनाही त्याच मुळाशी जोडतात. आपली हळद हरिद्रेतून आली, म्हणजे तीही त्याच कुळातली. आणि स्नो? त्याला संस्कृत ‘स्निह्’शी जोडतात, ज्यातून आपला स्नेह आला, तेल आणि माया या दोन्ही अर्थांचा. मुलांना सांगायचंच तर हे सांगा. मला तरी सोयरीक यात जास्त दिसते.

साखळीची टीचर
निरुक्तप्रेमी, ‘फ्नेसान’बद्दल मनापासून आभार, पण मला तो माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. बेघर झालेला शब्द स्ल, स्म, स्प यांपैकी कुठेही जाऊ शकला असता. तो नाकाच्या घरी राहायला आला. वाचण्यातली चूक असली तरी ती टिकली का? कारण कानाला ती बरोबर वाटली. घराणं रक्ताचंच असावं लागत नाही, दत्तक घेऊनही ते चालतं.

नातवांना सांगते, २०१६ साली हजारो भाषांमधल्या मूळ शब्दांची तुलना प्रसिद्ध झाली. एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही नाकाच्या शब्दात ‘न’ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडला. तुमच्या नारीझमध्येही तो आहेच.

आणि खरी गंमत पुढे आहे. स्नीअर म्हणजे तुच्छतेने नाक मुरडणं. स्नूटी म्हणजे नाक वर करून चालणारा. स्नूप म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं, आणि हा शब्द तर डचमधून आला, तिथे त्याचा अर्थ चोरून गोडधोड खाणं! इंग्रजीत येऊन तो नाक खुपसायला लागला. हे वाक्प्रचार मुलांच्या तोंडात आधीपासून असतात. मी ‘नाक मुरडून दाखवा’ म्हटलं तेव्हा तीसच्या तीस मुलांनी मुरडलं, आणि स्नीअर पुन्हा सांगावा लागला नाही. तो शब्दकोशातून पाठ करून घ्यायला मला आठवडा लागला असता.

फोंडेकर
नाक मुरडून शिकवलेला शब्द लक्षात राहतो, हे मान्य. पण ते श्रेय तुमच्या अभिनयाचं, ‘स्न’चं नव्हे. तुम्ही ‘स्क्वॅट’ म्हणून उकिडवं बसायला लावलंत तर तोही राहील.

‘बेघर शब्द नाकाच्या घरी आला’ हे ऐकायला सुंदर आहे. पण मुलासमोर पुस्तकात नवा शब्द येतो तेव्हा तो कोणत्या घरचा हे आधी कळत नाही, अर्थ कळल्यावरच कळतं. म्हणून घराणी आठवी-नववीत दाखवा, शब्दांचा साठा झाल्यावर. तेव्हा मुलं स्वतः अपवाद काढतील, भांडतील. पाचवीत नको.

साखळीची टीचर
आठवीपर्यंत थांबले तर अर्ध्या मुलांच्या मनात इंग्रजीची भीती घट्ट बसलेली असते. तोवर मी थांबणार नाही. मात्र ग्लूमचं तुमचं म्हणणं लागलं. सोमवारी ‘ग्ल’च्या यादीत तो सगळ्यांत वर लिहीन, आणि ‘हा इथे कसा’ हे मुलांनाच विचारीन. काय उत्तरं येतात ती इथे कळवते.