अनुभव धागा: अ‍ॅडमिनच्या हातातलं डिलीटचं बटण

ग्रुपची सूत्रं जुन्या, जाणत्या सभासदांकडे असण्यात गैर काही नाही. जाहिराती, फॉरवर्ड, भांडणं कुणीतरी निस्तरावीच लागतात, आणि ते काम विनामोबदला करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण हेच अधिकार स्वतःला अडचणीचा प्रश्न दाबायला वापरले, तर दाद कुणाकडे मागायची? आपापले अनुभव लिहा. ग्रुपचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

ठाणे
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणजे सेक्रेटरीच. लिफ्टदुरुस्तीचा मोठा खर्च सगळ्यांवर लावला, म्हणून मी विचारलं, "कोटेशन किती जणांकडून मागवली होती?" थोड्याच वेळात माझा प्रश्न गायब, त्या जागी अ‍ॅडमिनने मेसेज डिलीट केल्याची ओळ. संध्याकाळपर्यंत फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग झाली. तळमजल्यावरच्या आजींना पाणी आलं नाही हे कळवायलाही जागा उरली नाही! शेवटी कागदपत्रं दाखवा असा लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घेतली. सोसायटीचे कागद पाहण्याचा हक्क सभासदाला सहकार कायद्यानेच दिलाय. पोच दिल्यावर सेक्रेटरींचा सूर बदलला. कोटेशन एकच होतं. वार्षिक सभेत तो विषय घ्यावाच लागला.

पुणे
ट्रेकिंगचा ग्रुप. एक ज्येष्ठ सदस्य रात्री-अपरात्री मुलींना खासगी मेसेज करायचे. मी अ‍ॅडमिनना स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, "ग्रुप त्यांनी उभा केलाय, जरा समजून घे." दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून मलाच काढलं. ते गृहस्थ अजून ट्रेक नेतात.

नागपूर
आमचे अ‍ॅडमिन काहीही उडवलं की म्हणतात, "उद्या पोलीस मला धरतील." मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय: समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. शिवीगाळ जरूर उडवा. हिशोब विचारणाऱ्याला पोलिसांचा धाक कशाला?

मी विकिपीडियावर लिहितो
प्रचालकांची, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनची, अरेरावी तिथेही होते. सर्वात वाईट उदाहरण क्रोएशियन विकिपीडियाचं. जुन्या प्रचालकांच्या एका गटाने जवळपास दहा वर्षं तो ताब्यात ठेवला, विरोध करणाऱ्या संपादकांना ब्लॉक केलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा या नाझीधार्जिण्या क्रोएशियन राजवटीचे गुन्हे सौम्य करून मांडले. २०१३ मध्ये खुद्द क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो वापरू नका म्हणून सांगितलं, तरी म्होरक्यावर बंदी यायला २०२० उजाडलं. पण कोणी कोणता लेख वगळला, कोणाला का रोखलं, याची नोंद तिथे सगळ्यांना दिसते. त्या नोंदींमुळेच बाहेरच्यांना हे प्रकरण तपासता आलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीही सोय नाही.

धागाकर्ती
पुणेकर ताई, स्क्रीनशॉट जपून ठेवा. असे मेसेज आलेल्या आणखी मुली असतील तर मिळून लेखी तक्रार द्या, मी सोबत यायला तयार आहे. आमच्या ग्रुपवर आता तीन अ‍ॅडमिन आहेत, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने त्या तक्रारीचा निर्णय करायचा नाही, हे ठरलंय. आणखी कोणी असं काही केलंय का?