दिवाळी अंकांचा हंगाम: फुरसत आधी राखायची की उरली तर घ्यायची?

(नोकरी-घर सांभाळून दिवाळी अंकांसाठी लिहिण्याबद्दलची चर्चा. प्रत्येक मजकुरावर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवाट

यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षीपेक्षा अडीच आठवडे उशिरा. नोकरी सांभाळून लिहिणारे बरेच जण 'यंदा हाताशी वेळ आहे' म्हणत पाचवी-सहावी कथा कबूल करतील आणि ऑगस्टमध्ये एकही रविवार स्वतःचा उरणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. सुट्टीचे तास आधी कॅलेंडरवर मांडा, मग संपादकांना होकार द्या.

हिशेब असा. चार हजार शब्दांची कथा. पहिला खर्डा तासाला चारशे शब्दांच्या गतीने दहा तास. पुनर्लेखन सहा तास. शेवटचा हात दोन तास, मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पानं, बघायला दोन. एकूण वीस. आता हाताशी काय आहे ते बघा: सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते सात आणि रविवारी सकाळचे तीन, म्हणजे आठवड्याला आठ तास. शनिवार पूर्ण मोकळा, रविवारी दुपारनंतर लेखनाचं नाव नाही. १ जून ते मध्य ऑगस्ट अकरा आठवडे, त्यातले दोन ताप, पाहुणे आणि ऑफिसच्या घाईगर्दीला सोडून द्यायचे. नऊ गुणिले आठ बहात्तर. तीन कथा बसतात आणि बारा तास हातचे राहतात. चौथीला 'पुढच्या वर्षी नक्की' असं मे महिन्यातच कळवावं. ऑगस्टमध्ये दिलेला नकार संपादकाला अडचणीत टाकतो, मेमधला नाही.

मध्यरात्र

साफ असहमत. सकाळच्या एका तासात कथा लिहिली जात नाही. काल कुठे होतो, पात्र कोणत्या आवाजात बोलत होतं, हे परत सापडायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. तुमच्या पाच तासांतला दीड तास रोज नव्याने आत शिरण्यात संपला, म्हणजे तुमची चारशेची गती कागदावरच राहिली. शिवाय असे तुकडे जोडलेली कथा ओळखू येते. दर पाचशे शब्दांनी सूर बदलतो.

त्यापेक्षा रजेचे दोन दिवस रविवारला जोडून घ्या आणि खर्डा एका दमात उतरवा. मग दहा दिवस त्या कथेकडे बघूही नका. ते दहा दिवस हीच लेखकाची फुरसत, आणि ती कामाचाच भाग आहे. लोणच्यासारखी कथाही मुरावी लागते. शनिवार आहे म्हणून शनिवारी मोकळं बसायचं, हे वेळापत्रक कारकुनी कामाला ठीक.

आडवाट

कारकुनी म्हणालात म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप ब्रिटिश टपाल खात्यात नोकरीला होते. पहाटे साडेपाच ते साडेआठ लिहायचे, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द. चाळीसहून अधिक कादंबऱ्या झाल्या आणि शिकारीसाठी घोड्यावरून जायचंही सुटलं नाही. आत शिरायला वेळ लागतो हे त्यांनाही मान्य होतं, म्हणूनच पहिला अर्धा तास आदल्या दिवसाचं वाचण्यात जायचा.

एका तासात तेवढं परवडत नाही, हे खरं. त्यावर उपाय आहे. प्रसंग संपला की थांबू नका, मध्येच थांबा. खाली दोन ओळी लिहून ठेवा: पुढे कोण बोलणार आणि त्याला काय हवंय. दुसऱ्या दिवशी मागचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा. पाच मिनिटांत हात चालू होतो. तुमचे दहा दिवस मला मान्यच आहेत. तीन कथा असतील तर एक मुरत असताना दुसरीचा खर्डा चालतो.

जास्वंद

त्याच ट्रोलोपांनी आत्मचरित्रात हेही लिहिलंय की पहाटे उठवायला एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर होता, त्या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळायचे आणि तो कॉफी घेऊन यायचा. हा खर्च हिशेबात धरा, मग वेळापत्रकाबद्दल बोलू.

सकाळी सहा ते सात हा बहुतेक घरांत डबे, दूध आणि नळाचं पाणी यांचा तास असतो. ज्या लेखिकेच्या अंगावर हे सगळं आहे, तिला आडवाट यांचा तक्ता पहिल्याच रकान्यात अडतो. मध्यरात्र यांची दोन दिवसांची रजाही तशीच. बाई रजेवर घरी आहे म्हटल्यावर गॅसवाला, सुतार आणि सासूबाईंची तपासणी नेमकी त्याच दिवशी निघते.

अशा घरात तास मोजण्याऐवजी कामं आकारानुसार वेगळी करावीत. पंधरा मिनिटांत होणारी: मुद्रितं वाचणं, नावं-तारखा पडताळणं, संपादकांना उत्तर, संवाद मोठ्याने वाचून बघणं. नव्वद मिनिटं सलग लागणारी: खर्डा आणि पुनर्लेखन, बस. पहिल्या प्रकारची कामं भाजी शिजेपर्यंत होतात. दुसऱ्या प्रकारच्या कामांसाठी आठवड्यातून दोनदा घराबाहेर जावं, जवळच्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत.

आणि फुरसतही घराबाहेरच. घरात पुस्तक घेऊन बसलेली बाई 'रिकामी' दिसते आणि पाच मिनिटांत तिच्या हातात काम येतं. आठवड्यातले दोन तास मैत्रिणीबरोबर, टेकडीवर, नाटकाला. तिकीट आधी काढलेलं असेल तर उत्तम, कारण पैसे भरलेली वेळ घरचेही मोडत नाहीत. ही व्यवस्था अन्यायाचीच आहे, ते मला मान्य आहे. पण अन्याय मिटेपर्यंत कथा थांबवायची नाही.

मध्यरात्र

जास्वंद, रजेबद्दलचा आक्षेप बरोबर आहे. रजा घेतली तरी घरी बसून उपयोग नाही, एवढी दुरुस्ती करतो. खर्डा सलग व्हावा हा आग्रह मात्र कायम.

खिळेजुळारी

तुम्ही सगळे मध्य ऑगस्टला थांबलात. फुरसत खरी बुडते ती सप्टेंबरमध्ये, मुद्रितं आल्यावर. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ला. नेमक्या त्या दिवसांत 'आज रात्रीपर्यंत तपासून पाठवा' असा निरोप येतो. त्याला दोन तास पुरत नाहीत.

कारण बघा. लेखक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या लिपीच्या संकेतात टाइप करतो, काही छापखान्यांत पानं अजून जुन्या फाँटमध्ये लागतात. रूपांतरात पहिला बळी 'ऱ्य'चा. 'आचाऱ्याला जेवण सांगितलं' याचं 'आचार्याला जेवण सांगितलं' होतं आणि स्पेलचेकरला दोन्ही शब्द बरोबर वाटतात. सगळे 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' हाताने शोधावे लागतात. त्याखेरीज अवतरणचिन्हं उलटी होतात, परिच्छेद एकमेकांना चिकटतात.

पाठवतानाच अर्धा तास घाला. लेखात 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' शोधून प्रत्येक जागा बघा, त्यांचा साधा तक्ता करून सोबत द्या. मूळ फाइलबरोबर तिची पीडीएफही जोडा, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्याला ताडून बघता येतं. मुदत, शब्दमर्यादा, मानधन हे होकार देतानाच लेखी घेता, तसंच चौथं कलम घाला: मुद्रितं कोणत्या तारखेला मिळणार आणि तपासायला किती दिवस. किमान तीन दिवस मागा. आडवाट, तुमचे ते बारा हातचे तास सुट्टीत जमा धरू नका. तीन कथांच्या मुद्रितांना ते लागणारच आहेत.

आडवाट

चौथं कलम पटलं. मग तक्ता असा बदलतो: मुद्रितांना कथेमागे दोनऐवजी चार तास, म्हणजे एकूण बावीस. तीन कथांचे सहासष्ट होतात, हातचे सहाच उरतात. तिसरी कथा तीन हजार शब्दांत बसत असेल तरच घ्यावी, नाहीतर दोनच. जास्वंद यांची पंधरा मिनिटांची कामं वेगळी काढली तर सकाळचा तास खर्ड्याला मोकळा मिळतो, तेही धरतो. शनिवार मात्र सोडणार नाही.

जास्वंद

शनिवार ठेवा. फक्त त्या शनिवारी घरातलं कोण काय करणार, तेही त्याच तक्त्यात लिहा.